मंगळवारच्या टेपवरचं कुंकू

करकंबच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. होऊन सोलापुरातल्या एका गिरणीच्या कॉम्प्युटर खोलीत लागलो, याचा मला अभिमान होता, आजही आहे. कोण कामगार कुठल्या पाळीला, कुठल्या मागावर, ही सगळी नोंद आमच्या डिस्कवर असे. रविवारी तिची पूर्ण नक्कल टेपवर घ्यायची, आणि मग रोज संध्याकाळी त्या दिवशी बदललेलं तेवढंच वेगळ्या टेपवर.

त्या वर्षी मंगळवारी खंडेनवमी होती. मशीनला हळदकुंकू लावायचं नाही, असं मी जोडीच्या ऑपरेटरला बजावलं होतं. बुधवारी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी सकाळी डिस्क बिघडली. दुसरी डिस्क बसवून तिच्यावर रविवारची टेप उतरवली, सोमवारची उतरवली. मंगळवारची मध्येच अडकली. रीळ हातात घेतलं, तर वेढ्यांत कुंकू!

"हे काय?"

"तुमी मशीनला नको म्हणला की. मग टेपची पूजा केली. सणाला काय तरी पुजायला नको व्हय?"

मॅनेजरसाहेब दारातच उभे होते. "एक टेप गेली तर गेली. गुरुवारची लावा. दुसऱ्या पाळीच्या भोंग्याआधी कोण कुठल्या मागावर ही यादी निघाली नाही, तर या खोलीला कुलूप, आणि तुम्ही टाइमकीपरच्या हाताखाली."

"तसं जमणार नाही साहेब. मंगळवारी ज्याचा माग बदलला, तो गुरुवारच्या टेपवर नाहीच. मधली टेप गाळली तर त्याला जुन्या मागावर पाठवाल, आणि तिथं दुसराच उभा असेल."

मंगळवारचे बदल ज्यांवर भोकं पाडून नोंदवले होते, ती पंचकार्डं अजून खोक्यात होती. ऑपरेटर ती लावून देत गेला, मी मशीनला भरवत गेलो. दुमडलेलं एक कार्ड पुन्हा पंच केलं. त्यानंतरच गुरुवारची टेप चढवली. जेवणाचा डबा तसाच राहिला. यादी साहेबांच्या हातात ठेवली, तेव्हा भोंगा व्हायचा होता.

त्या रविवारपासून मी पद्धतच बदलली. रोज संध्याकाळी, रविवारनंतर बदललेलं सगळंच टेपवर घ्यायचं. आठवडा सरत येईल तशी टेप लांबायची, घरी जायला उशीर व्हायचा. पण डिस्क गेलीच तर रविवारची आणि शेवटची, एवढ्या दोन टेपांवर भागणार होतं.

"तेच तेच रोज कशाला लिहिता?" साहेब कुरकुरले.

"मधल्या टेपला काही झालं तरी अडू नये म्हणून."

पुढच्या खंडेनवमीला ऑपरेटर ताट घेऊन दारात थांबला. "आता कशाला लावू?"

"टेपांच्या कपाटाला," मी म्हणालो. "बाहेरनं."