आर्मांचा वरचा पीळ

आर्मां पेल्तिएने झाकण लावलेली बरणी कुणाच्या बापाला उघडत नसे. त्याची बायको लोरेन मुरवलेल्या बीटाची बरणी घेऊन आमच्या दारात यायची. म्हणायची, "युजीन, तुझ्या दोस्ताने पुन्हा बीट कैद केलंय!" मी हात टेकायचो.

नदीकाठच्या रिव्हॉल्व्हरच्या कारखान्यात तो नळ्या बसवायचा, मी शेजारच्या बाकावर. जुनी नळी एकसंध, जाड पोलादाची. आट्यांवर आवळत आणायची, आणि टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, सरळ उभी राहावी म्हणून शेवटी हाताने वरचा एक पीळ द्यायचा. हा पीळ आर्मांला बापाने शिकवलेला. त्याचा त्याला कोण अभिमान!

मग ती हलकी रिव्हॉल्व्हर आली. गोळ्यांचं फिरतं चाक टायटॅनियमचं आणि नळी दोन भागांत: आत पातळ पोलादी नळी, बाहेर माशीसकट कवच. आता माशी जागेवर आणायची कटकटच नाही. ठरलेला जोर भरला की नवा पाना 'कट' म्हणायचा, तिथेच थांबायचं. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमधून पाच गोळ्या झाडून बघायचं काम लोरेनचं. "हातात घेतली तर पाकिटाएवढी, आणि लाथ मारते गाढवासारखी!" असं ती जेवणाच्या सुट्टीत सांगायची.

पहिल्या चाळीस चाचणीला गेल्या. चौथीची नळी तडकली. कपची लोरेनचा हातमोजा फाडून गेली. मुकादम डेलबर्टने ती नळी आर्मांच्या बाकावर टाकली. "पोलाद खराब आलंय. एखादी जायचीच. लोरेन, पुढची घे."

आर्मांने नळी उजेडात धरली. तडा आट्यांच्या मुळाशी होता.

"युजीन, पाना कट म्हणाल्यावर मी थांबत होतो का रे?"

"तू आणि थांबणार?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात चाचणीच्या खोलीवरचा लाल दिवा लागला.

ठो!

आर्मां धावला. लाल दिवा लागला की दाराला आतून कडी. तो मुठींनी दार बडवत सुटला, पण लोरेनच्या कानांवर जाड टोप्या.

ठो!

"दोन," आर्मां पुटपुटला.

"वेड लागलंय का तुला? जागेवर जा!" डेलबर्ट ओरडला.

"थांबव तिला! चाळीसच्या चाळीस माझ्या हातच्या आहेत!"

"म्हणून तर निर्धास्त आहे मी!"

ठो!

आर्मांने डेलबर्टला ढकललं आणि भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. दिवे गेले. यंत्रं कण्हत कण्हत थांबली. दिवा गेला की हत्यार खाली ठेवायचं, हा त्या खोलीचा नियम. पण बोट आधीच घोड्यावर असलं तर?

आम्ही पन्नास माणसं श्वास धरून उभे. चौथा आवाज आला नाही. कडी वाजली आणि लोरेन बाहेर आली.

"पोलाद चांगलं आहे," आर्मां सगळ्यांसमोर म्हणाला. "मीच जास्त पिळलं. प्रत्येक नळी."

डेलबर्टने टोपी काढून टक्कल पुसलं.

"एकवीस वर्षं बीटाच्या बरण्या मला हेच सांगत होत्या," लोरेन म्हणाली. "माझंच डोकं चाललं नाही."

आम्ही हसलो, जरा जास्तच मोठ्याने.

त्या नळ्या दुसऱ्या कुणाला सुटेनात, त्यालाच काढाव्या लागल्या. तीन गोळ्या झाडलेली त्याने आधी उघडली. आट्यांच्या मुळाशी केसाएवढी रेघ. लोरेनने ती नखाने चाचपली आणि माझ्या स्टुलावर बसली.