बर्फातल्या बाईचं लग्न

काल जुनं पुस्तक झटकलं तर साळीचं एक टरफल पडलं आणि मी मनाने थेट माण गावातल्या त्या जुन्या घराच्या ओसरीवर जाऊन बसले. खोली सोडून गेलेल्या भाडेकरू मुलीची नाताळातल्या प्रेमकथांची इंग्रजी पुस्तकं आमच्याकडेच राहिली होती. दुपारी सासूबाई सुपात तांदूळ निवडायच्या आणि मी त्यांना त्या गोष्टी मराठीत सांगायचे. या पुस्तकातल्या गोष्टीतली बाई माझ्यासारखीच, नवरा गेलेली, सासूजवळ राहणारी. शेवटी बर्फात उभा राहून सुतार तिला मागणी घालतो आणि ती हो म्हणते. सासूबाईंसमोर ते माझ्या तोंडून निघेना. "ती नाही म्हणाली, सासूपाशीच राहिली," असं सांगून मी पुस्तक मिटलं. सुपातला हात थांबला. "मंग पुस्तकाच्या वर चित्रात त्याचा हात धरून कोन हुबी हाय?" मी पुस्तक पालथं केलं. "तिला करू दे लगीन," त्या म्हणाल्या, "आन तूबी कर. ह्याच दारात मी लावून देते." पुस्तक हातातून सुटून सुपात पडलं, तांदूळ ओसरीभर झाले. त्या वाकून दाणे गोळा करू लागल्या. काल नवऱ्याने विचारलं, "हे पुस्तक कुठलं गं?" मी म्हटलं, "माहेरचं."