आईचा चहा आणि माझा वेप

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, इथे परदेशात, माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घराच्या लाकडी डेकवर, आईने समोरचा चहाचा कप उचलला आणि कुंडीत ओतला. एक घोटही न घेता... तिचा चहा पुन्हा बंद झाला, आणि तो माझ्यामुळे.

पहिल्यापासून सांगतो. सात वर्षांपूर्वी सुट्टीला सांगलीला गेलो होतो, तेव्हा आईने मला गच्चीवर सिगरेट ओढताना पकडलं. ओरडली नाही, रडली नाही. देवापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा सिगरेट सोडेपर्यंत मी चहा सोडला."

माझ्या आईला जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी... ही बाई सकाळचा चहा झाल्याशिवाय कुणाशी धड बोलायची नाही. मला वाटलं, आठ दिवस टिकेल हे नाटक. कसलं काय, सात वर्षं गरम पाणी पीत बसली! मी इकडे, जिथे काम करतो त्या बस डेपोच्या वर्कशॉपमागे उभा राहून सिगरेट पेटवली, की डोळ्यांसमोर तिचं ते गरम पाणी. मला तिचा राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो. प्रेमाने केलेली सक्ती ही सक्तीच असते.

शेवटी या वर्षी सिगरेट सोडायला मदत करणाऱ्या एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथे अरोहा नावाची माओरी बाई होती, माझ्या आईच्याच वयाची. तिने वेप सुचवला, म्हणजे निकोटीनच्या लिक्विडची वाफ ओढायची बॅटरीवरची नळी.

म्हटलं यात काय शिकायचंय, वीस वर्षं धूर काढतोय की! डेपोच्या पार्किंगमध्ये लिक्विड भरलं, लगेच सिगरेटसारखा दणकून झुरका मारला... आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. वर आतला कापूस भिजायच्या आधीच ओढल्यामुळे तो जळला. दोन दिवस तोंडात जळक्या चिंधीची चव. तिसऱ्या दिवशी डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन गुपचूप सिगरेटचं पाकीट घेतलं.

अरोहाकडे परत गेलो तर ती रागावली नाही. "तुम्ही अजून सिगरेटच ओढताय," म्हणाली. "हे गरम चहासारखं घ्या. हळू." चहाचं उदाहरण द्यायला नेमका मीच सापडलो होतो तिला! भरल्यावर दहा मिनिटं थांबायचं, दोन झुरक्यांमध्ये दम घ्यायचा, घाई केली की जळणार. आणखी एकदा जाऊन आलो आणि महिन्याभरात जमलं. ठसका गेला, पाकीटही गेलं.

लगेच आईला व्हिडिओ कॉल केला. "आई, सिगरेट सुटली." शब्द न् शब्द खरा होता हो! माझ्या लंच ब्रेकला सांगलीत सकाळ होते. तिने फोन ओट्यावर टेकवून ठेवला, आलं किसून चहा केला, आधी देवाला दाखवला आणि मग प्यायली. मी डेपोच्या लंचरूममध्ये बसून रडलो... आणि डोळे पुसून बाहेर वेप ओढायला गेलो.

चार महिन्यांनी आई आमच्याकडे आली. मी त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, वेप गॅरेजमधल्या टूलबॉक्समध्ये लपवायला लागलो. त्या शनिवारी मात्र तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून विसरलो. आई तो हातात घेऊन डेकवर आली. "हे काय रे?"

मी तोंड उघडायच्या आत माझी नऊ वर्षांची ईरा म्हणाली, "आजी, दॅट्स बाबाज वेप! स्मोकिंग सोडलं ना त्याने, सो नाऊ ही डझ दॅट." आत स्वयंपाकघरात माझी बायको वैशाली एकदम पोहे जास्तच परतायला लागली.

आईने कप कुंडीत ओतला आणि चिडलो मीच. ही सिगरेट नाही, यात धूर नसतो, क्लिनिकमधल्या बाईनेच सांगितलंय, तिच्याकडे तीनदा जाऊन ओढायला शिकलोय, सिगरेटपेक्षा कितीतरी बरं... सगळं एका दमात ऐकवलं. वर म्हणालो, "आणि तुला चहा सोडायला सांगितलं होतं कोणी?"

"कोणीच नाही," आई म्हणाली. "पण सात वर्षं मी नेम पाळला. चार महिने तू तो मला मोडायला लावलास, आणि कळूसुद्धा दिलं नाहीस."

दिवसभर ती ईराशी बोलली, वैशालीशी बोलली. माझ्याशी नाही.

संध्याकाळी मी गॅरेजमध्ये उगीच पाने-स्क्रू लावत बसलो होतो, तिथे आली. माझ्या हातातला वेप घेऊन तिने उलटसुलट करून पाहिला. "हे ओढायचं कसं ते शिकायला त्या बाईकडे इतक्यांदा गेलास. सोडायचं कसं, ते एकदा तरी विचारलंस?"

नव्हतं विचारलं... खरंच नव्हतं.

सोमवारी अरोहाला फोन केला. "ते कधी विचारताय याचीच वाट बघत होते," म्हणाली. निकोटीन टप्प्याटप्प्याने कमी करायचं, उगाच शौर्य दाखवायचं नाही, परत सिगरेटकडे वळण्यापेक्षा थोडा वेळ लागलेला चालेल. सध्या एक पायरी उतरलोय. चिडचिड किती होते ते वैशालीला विचारा.

परवा आपल्या मराठी ग्रुपवर कोणीतरी माझ्या नावाने 'व्यसनमुक्त' म्हणून टाळ्या वाजवल्या, म्हणून हे लिहितोय. त्या टाळ्या परत घ्या. माझ्यासाठी अजून कोणीतरी चहा सोडून बसलंय.

आई सांगलीला परत गेली. रोज लंच ब्रेकला कॉल होतो. तिच्या हातात गरम पाण्याचं भांडं असतं, माझ्या खिशात वेप. ती विचारते, "आहे का अजून?" मी म्हणतो, "आहे."

एवढं खरं मी तिच्याशी गेल्या सात वर्षांत बोललो नव्हतो.