आप्पांनी वाजवलेला दगड

ग्राइंडर सुरू करायच्या आधी आप्पा समोरच्या माणसाला हाताने बाजूला सारायचे. सांगणं नाही, विनंती नाही. सरळ खांद्यावर पंजा ठेवून ढकलायचे. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या शेठनाच असं ढकललं. शेठ मला वर्कशॉप दाखवत होते, बोलता बोलता ग्राइंडरसमोर येऊन उभे राहिले, आणि आप्पांनी त्यांना असं काही सारलं की ते मागच्या प्लायवूडच्या थप्पीवर जाऊन बसले. मी मनात म्हटलं, गेली म्हाताऱ्याची नोकरी! पण शेठ पँट झटकत उठले आणि उलट मलाच म्हणाले, "ग्राइंडरचा दगड फिरायला लागला की पहिलं मिनिटभर समोर कुणी उभं राहायचं नाही. फुटला तर गोळीसारखा येतो. आप्पांचा नियम आहे, लक्षात ठेवा."

आमचं वर्कशॉप वागळे इस्टेटमध्ये. सागवानी दारं, देव्हारे, पलंग असली कामं. मी डोंबिवलीची, इंटिरिअरचा डिप्लोमा करून सुपरवायझर म्हणून लागलेले, वय चोवीस आणि तोंड चाळिशीचं. आई म्हणायची, तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, ब्रेकही नाही. आणि आप्पा साठीच्या पुढचे, कोपरीच्या गावठाणातले, आगरी. ते स्वतः एकही दार बनवायचे नाहीत. त्यांचं काम एकच: सगळ्या सुतारांचे रंधे, पटाश्या, करवती धारेला ठेवायच्या आणि ग्राइंडर सांभाळायचा. मला ती चैन वाटायची. एका माणसाला फक्त धार लावायला पगार? मी हे शेठना बोलूनही दाखवलेलं. शेठ हसले आणि म्हणाले, "आठ दिवस थांबा."

आठ दिवस लागलेच नाहीत. चौथ्या दिवशी मी शहाणपणा करून एक पटाशी स्वतःच ग्राइंडरवर धरली. जोर लावला, ठिणग्या उडाल्या, मला फार भारी वाटलं. आप्पा आले, माझ्या हातातून पटाशी घेतली आणि उजेडात धरली. टोकाला निळा डाग पडला होता. "जाललंस," ते म्हणाले. "पानी गेलं हिचं. आता ही लाकूड कापनार नाय, लोनी कापंल." पोलाद तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा जातो, म्हणून दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. आप्पा ओरडले नाहीत. तेलाचा दगड माझ्यापुढे ठेवला आणि तो निळा भाग हाताने घासून काढायला लावला. दोन दिवस लागले. बोटांची सालं निघाली. तिसऱ्या दिवशी मी चिडून विचारलं, "आता तरी आली का धार?" त्यांनी पटाशीची कड खिडकीकडे धरली. "बघ, पांढरी रेघ चमकते का?" चमकत होती. "मग नाय आली. जी दिसते ती धार नसते गो बाय. घास." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मॅडमची बाय झाले.

तापट ते होतेच. आमचा विलास म्हणून सुतार आहे, हाताने सोनं पण स्वभावाने उडाणटप्पू. त्याने एकदा ॲल्युमिनियमची पट्टी ग्राइंडरवर घासली. ॲल्युमिनियम मऊ, दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतं, मग दगड कापत नाही, नुसता तापतो. आप्पांनी तो दगड खरवडून साफ करायला अर्धा दिवस घेतला आणि पुढचे पंधरा दिवस विलासच्या रंध्याला हात लावला नाही. विलास बोथट धारेने रडकुंडीला आला. शेवटी चहा घेऊन गेला आणि त्यांच्यासमोर कान धरले, तेव्हा कुठे सुटका झाली. रंधा कुणी पात्यावर उभा ठेवला तरी आप्पांच्या कपाळावर आठी यायची. आडवाच ठेवायचा, पात्याला टेकू द्यायचा नाही. त्यांच्या टेबलावर सगळे रंधे कुशीवर झोपलेले असायचे.

पण त्यांची खरी पूजा म्हणजे नवा दगड बसवणं. नवा दगड आला की ते तो मधल्या भोकातून एका बोटावर लटकवायचे आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारायचे. अख्खा असेल तर तो ठण्ण वाजतो, आत चीर गेलेली असेल तर भद्द. असा चीर गेलेला दगड चढवला तर फिरता फिरता कधीही फुटतो, मग समोरच्याच्या तोंडाचं काय होईल ते सांगायला नको. टिचकी मारायच्या आधी आप्पा जवळच्या कुणालातरी हाक मारायचे. "इकरं ये, ऐक." चार ठिकाणी वाजवायचे, आणि आपल्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आपण मान हलवली की मग दगड चढायचा. आम्हाला वाटायचं, म्हातारा आम्हाला शिकवतोय. आणि त्यांच्यापुढे कोण शहाणपणा करणार? आप्पांनी वाजवला म्हणजे चांगलाच असणार, असं म्हणून आम्ही सगळे बेधडक माना हलवायचो.

त्या दिवशी सकाळी नवा दगड आलेला. मी एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होते; लॅमिनेटचा रंग फिका की गडद, यावर त्या बाई वीस मिनिटं माझं डोकं खात होत्या. आप्पांनी हाक मारली. मी फोन कानाला लावूनच गेले. त्यांनी वाजवला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. "जेवून उठलो की चरवतो," ते म्हणाले. मला पुढे कोपरीत एका फ्लॅटची मापं घ्यायला जायचं होतं, तर त्यांनी बायकोच्या बीपीच्या गोळ्या माझ्याकडे दिल्या. म्हणाले, घर वाटेवरच हाय, देऊन टाक.

मापं घेऊन मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा पाऊण वाजलेला. काकींनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मी आपली कौतुकाने सांगत होते की आप्पा कसे आम्हाला शिकवतात, कसे सगळ्यांना दम देतात. त्या हसल्या. "घरात कोनी दम दिला तरी त्यांना आयकाला येत नाय," म्हणाल्या. मी विचारलं, म्हणजे? त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुमाला म्हाईत नाय? दोन वर्सं झाली. एक कान पार गेला, दुसऱ्यात थोरंसं हाय. समोर उभं राहून बोललं की ओठांवरनं कलतं त्यांना. मशीन घ्या बोलते तर बोलतात, कामावरनं कारतील." मग त्यांनी माझा हात धरला. "कोनाला बोलू नका हां, पोरी."

मी बरं म्हटलं. आणि मग मला सकाळचा दगड आठवला.

दोन वर्षं म्हातारा आम्हाला शिकवत नव्हता. आमचे कान वापरत होता. आणि आम्ही काय करत होतो? त्याच्या कानांवर विसंबून माना हलवत होतो! मी सकाळचा तो आवाज आठवायचा प्रयत्न केला. ठण्ण की भद्द? काही केल्या आठवेना. आठवत होत्या त्या फक्त त्या बाई, फिका की गडद. मी तो दगड ऐकलाच नव्हता.

चप्पल अर्धवट पायात अडकवून मी पळाले. रिक्षात बसल्या बसल्या विलासला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी सुटेपर्यंत सगळ्यांचे फोन कपाटात असतात, हा नियम माझाच. शेठचा फोन लागेना. कोपरीच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. आमच्याकडे एकला जेवण होतं, दीडला सगळे उठतात. एक वीस झाले. एक तीस झाले. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, कसंही करून काढा ना." तो म्हणाला, "ताई, उडवत नेऊ काय?" मी त्याच्यावर इतकी खेकसले की बिचाऱ्याने पुढे तोंडच उघडलं नाही. गणपती, स्वामी, जे सुचतील ते सगळे देव आठवून झाले.

वर्कशॉपच्या दारातच मला ग्राइंडरचा आवाज आला. विलास रंध्याचं पातं धरून अगदी वाकून घासत होता, तोंड दगडापासून वीतभर. एकदम ओरडले तर तो दचकून आणखीच जोर देईल अशी भीती वाटली. मी भिंतीवरचा मेन स्विच पाडला. दिवे, पंखे, मशीन, सगळं गेलं. पण ग्राइंडर वीज गेली म्हणून लगेच थांबत नाही; तो आपल्या वेगात घरघरत राहतो. "विलास, पातं उचल आणि बाजूला हो," मी म्हटलं. माझा आवाज ऐकून तो मुकाट्याने सरकला. दगड थांबेपर्यंत कुणी हललं नाही. आप्पा तिकडे पाठमोरे बसून करवतीला कानस मारत होते. अंधार झाला म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, तोवर त्यांना काहीच पत्ता नव्हता.

दगड उतरवला. मी तो बोटावर लटकवला. टिचकी मारली. भद्द. पिकल्या भोपळ्यावर मारल्यासारखा. पुन्हा मारली, पुन्हा भद्द. विलासने रॉकेलचा बोळा फिरवून पुसला, तर भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी ओली रेघ उरली. विलासने त्या रेघेवरून बोट फिरवलं. त्याला दोन मुली आहेत.

तोवर शेठ बाहेर आलेले. आणि मी, काकींना शब्द देऊन तास झाला नव्हता, सगळ्यांसमोर किंचाळले, "आप्पांना ऐकू येत नाही! दोन वर्षं झाली, लपवून ठेवलंय त्यांनी!" आप्पा माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना पूर्ण कळलं.

शेठ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हळू म्हणाले, "आप्पा, वाजवलेला ना हा? तेव्हा बरोबर कोण होतं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. आईशप्पथ सांगते, मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी होते, मान मी हलवली. एरवी पन्नास वाक्यं विनाकारण बोलणारी मी, आणि त्या क्षणी माझी जीभ टाळूला चिकटली.

"कोनी नव्हतं," आप्पा म्हणाले. "मीच वाजवला, मीच चरवला."

त्यांनी ॲप्रन काढला, घडी केली आणि टेबलावर ठेवला. शेठ म्हणाले, अहो आप्पा, नुसती धार लावा, ग्राइंडर दुसरा कुणी बघेल. पण ते गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाही. विलास माझ्यासाठी पेढे घेऊन आला. त्याच्या बायकोने पाठवलेले. "ताई, तुमच्यामुळे मी आहे," म्हणाला आणि डोळे पुसले. सगळे माझं कौतुक करत होते. तो पेढा मी खाल्ला. माझ्याइतकी नालायक मीच. रात्र रात्र मला ते आप्पांचं बघणं दिसायचं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त वाट बघत होते, मी बोलतेय का याची.

रविवारी कोपरीला गेले. आप्पा ओट्यावर बसून शेजारणीची विळी दगडावर घासत होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी मान मी हलवली होती. मी ऐकलंच नव्हतं."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

मी जरा मोठ्याने सांगितलं. "नाय आयकू येत गो, मोठ्यानं बोल." समोरच्या घरातली बाई दारात आली. मी आणखी मोठ्याने म्हटलं, मान मी हलवली, चूक माझी. ते पुन्हा, "काय?" आता मागच्या खिडकीत दोन डोकी दिसत होती, गल्लीत क्रिकेट खेळणारे थांबले होते. मला रडू फुटलं. रडत रडत मी जीव खाऊन ओरडले, "आप्पा, दगड मी पास केला! तुमची चूक नव्हती! मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं आणि स्वतःचं लपवलं!" अख्ख्या आळीने ऐकलं.

आप्पांनी विळी खाली ठेवली. "पयल्यांदा बोललीस तवाच समजलेलं मना," ते म्हणाले.

मी डोळे पुसले. त्यांनी आत काकींना चहा टाकायला सांगितला, माझ्यासाठी ओट्यावर जागा केली आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

"आता उद्या विलासला सांग," म्हणाले. "त्याला कान हाएत. ओरडावं नाय लागनार."