पडवीतली मारामारी

त्या पावसाळ्यात आमच्या पडवीत दिवसभर मारामारी चाले आणि ती बघायला अर्धी वाडी जमे. मुंबईहून परतलेल्या ओळखीच्या एका माणसाने व्हिडिओ गेमची पेटी आणून आमच्याकडे ठेवली होती. होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांखाली झाकलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, तेव्हा रिकाम्या हातांना काहीतरी हवंच होतं.

दुपारी दोन ते चार पेटी बंद असे आणि किल्ली माझ्याकडे. मी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. घरात बाबा आणि मी, दोघंच. आईला जाऊन पाच वर्षं झाली होती. बाबा तांडेल, म्हणजे होडी त्यांच्या हुकमावर चालायची. पण पावसाळ्यात ते पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाळ्याची भोकं विणत बसत. जेवणाची भांडी आवरली की मी हळूच पेटी चालू करायची. किल्लीने चालू केली की नाणं लागत नसे. बाहेर पाऊस एका सुरात पडत असे आणि सारवलेल्या जमिनीवर पडद्याचा निळा उजेड पसरे. सुक्या मासळीचा आणि तापलेल्या पेटीचा मिळून एक वास यायचा. अजूनही दुपारी डोळा लागला की कधीकधी मी त्या उजेडात जाऊन बसते. जाग आली की राग येतो.

खेळात दोन गडी असत. डावीकडचा पांढऱ्या कपड्यातला आपला, उजवीकडचा तांबडा पेटीचा. आपल्या हातात एक दांडी. मागे ओढली की आपला गडी हात आडवे धरून फटका अडवी, वर केली की उडी मारून चुकवी. वाडीतल्या पोरांचा भर उड्यांवर, आणि उडीनंतर जमिनीवर येताना ती हमखास मार खात. मी मात्र जातीची अडवणारी. दांडी मागे ओढून उभी राहायची, ती राहायचीच. मार लागत नसे, पण जिंकणंही नव्हतं. दोन्ही गडी तसेच उभे राहिले तर वरचं घड्याळ संपे, दोघेही हरत आणि पडदा काळा होई.

घरातही माझं तेच चाललं होतं. शाळेतल्या बाईंनी माझ्याकडून नर्सिंगचा फॉर्म भरून घेतला होता आणि मिरजेहून मुलाखतीचं पत्र, साधं पोस्टकार्ड, आलं होतं. मला ते खिडकीत सापडलं. पोस्टमन ठेवून गेला असणार, असं धरून मी ते तांदळाच्या डब्यात घातलं आणि आठ दिवस तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मला जायचं होतं. पण मी गेले तर बाबांना संध्याकाळी भाकरी कोण वाढणार, हा विचार आला की मी दांडी मागे ओढून उभी. मुलाखत चार दिवसांवर आली होती.

त्या दुपारी मी हरले तेव्हा बाबा जाळं टाकून उठले.

"काय गो बाय, रोज बघतंय मी. होडी लाटेसमोर अशी उभी ठेवलीस तर बुडेल नाय तर काय?"

"मग तुम्हीच चालवा," मी चिडून म्हटलं. मला हरताना कुणी बघितलेलं अजूनही खपत नाही.

त्यांनी खरंच दांडी धरली. चाळीस वर्षं सुकाणू धरलेला तो हात. तांबड्याने पाय उचलला. बाबांना मागे, म्हणजे डावीकडे सरायचं होतं. पण सुकाणूचा दांडा उजवीकडे दाबला तरच होडीचं तोंड डावीकडे वळतं. त्यांनी सवयीने दांडी उजवीकडे दाबली. आमचा गडी सरळ फटक्याच्या तोंडी गेला. मी डोळे मिटले.

उघडले तर तांबडा उताणा पडलेला. आमच्या गड्याने त्याचा पाय वरच्यावर धरून त्याला फेकून दिलं होतं. पेटीत अशी काही युक्ती आहे हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण येणाऱ्या फटक्याच्या अंगावर जाण्याचा वेडेपणा कुणी केलाच नव्हता. बाबांनी पुन्हा करून बघितलं. या वेळी दांडी जरा लवकर पडली आणि सणसणीत लाथ बसली. तिसऱ्या वेळी पुन्हा जमलं.

"वेळ सापडायला हवी," ते लहान मुलासारखे हसत म्हणाले. आई गेल्यापासून ते तसे हसले नव्हते. मला एकदम भरून आलं, आणि त्या भरात मी बोलून गेले.

"बाबा, मला मिरजेला मुलाखतीला बोलावलंय. मला जायचंय."

त्यांची दांडी सुटली. पडद्यावर आमचा गडी मार खात राहिला.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "पोस्टमननं पत्र माझ्याच हातात दिलान, वाचून दाखवलान. मीच खिडकीत ठेवलंय ते."

"मग आठ दिवस बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." मग पडद्याकडे बघत, अगदी हळू, "आणि नाय बोललीस तर बरं, असंही वाटत होतं."

मला रडू फुटलं. कारण मलाही तसंच वाटत होतं. त्यांनी नको म्हणावं, म्हणजे न जाण्याचा दोष त्यांच्या माथी मारता येईल, याची मी आठ दिवस वाट बघत होते. एका छपराखाली आम्ही दोघंही दांड्या मागे ओढून बसलो होतो आणि घड्याळ चाललं होतं.

चार दिवसांनी पहाटेच्या एस.टी.त त्यांनी मला बसवलं. खिडकीशी येऊन म्हणाले, "भाकरी येते मला. होडीवर कोण करतं, तुझी आई?" मी त्यांना हसून दाखवलं. गाडी हलली तसे ते पाठ फिरवून झपझप चालू लागले. मी डोकं बाहेर काढून ते वळतील म्हणून बघत राहिले. ते वळले नाहीत, आणि ते बरंच झालं. वळले असते तर मी उतरले असते.