सुनेसाठी आणलेलं पेन

आंबवड्याच्या धोंडाबाईंनी जन्मात कधी लेखणी धरली नव्हती. पण १९३८ साली त्यांची विधवा सून चंद्रा सातवी पास झाली आणि भोरच्या मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागली. भावकी नावं ठेवत होती. अशा वेळी तिच्या हातात चांगलं फौंटन पेन असावं, असं धोंडाबाईंच्या मनानं घेतलं. रविवारी सकाळच्या मोटारीनं त्या एकट्याच पुण्याच्या जुन्या बाजारात आल्या.

कुलपं, कंदील, बंद घड्याळं यांच्या ढिगात शेवटी एक काळं पेन सापडलं. विकणाऱ्यानं शाईही भरून दिली. तरी त्यांना धास्ती वाटली, हे लिहीतच नसलं तर? त्यांनी एका कोटवाल्याला थांबवलं.

"दादा, एवढं लिवून बघता का?"

त्यानं हातातल्या वर्तमानपत्रावर सही केली, "छान चालतं" म्हणाला, आणि सवयीनं पेन स्वतःच्याच खिशाला अडकवून निघून गेला.

कोट गर्दीत दिसेनासा होऊ लागला, तशा धोंडाबाई लुगडं सावरत धावल्या.

"आवं दादा, माज्या सुनंचं पेन हाय ते!"

तो वळला, खिशाकडे बघून ओशाळला आणि त्यानं पेन परत दिलं.

परतीच्या वाटेवर कापूरहोळ मागं पडलं, तरी पेन त्यांनी मुठीतच धरलं होतं. घरी चंद्रानं विचारलं, "आत्याबाई, मूठ का आवळलीय?"

मूठ उघडली, तर बोटं निळी झालेली.

"गळतंय व्हय गं?" त्या घाबरून म्हणाल्या.

"न्हाई, टोपण ढिलं व्हतं." चंद्रानं ते घट्ट फिरवलं. मग सासूचा हात मांडीवर घेऊन ती बोटं पुसू लागली. शाई काही निघेना.