दोन हॉर्न म्हणजे हवा

लोणावळ्यातलं आमचं घर अगदी हमरस्त्याला लागून. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचं आम्हाला काही वाटत नसे. पण शेजारच्या मोकळ्या जागेत एक टायरवाला आला आणि आमच्या डोक्याला ताप झाला. घाट चढून आलेले ट्रकवाले केबिनमधून उतरायचेच नाहीत. आमच्या फाटकाशी गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, की त्याची माणसं धावलीच. पहाटेपासून हेच. सासूबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टर म्हणाले होते, झोप हेच औषध. आणि त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना.

टायरवाल्याला सांगायला गेले, तर हा हसत म्हणतो, "एवढा त्रास होतोय तर घर मलाच देऊन टाका की, वहिनी." आमच्या ह्यांनी तर तळेगावला भाड्याची जागासुद्धा पाहून ठेवली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का म्हणून सोडायचं आमचं घर? नगरपालिकेत दोनदा अर्ज दिला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग मी सरळ वडगावच्या वकिलांना गाठलं. ते म्हणाले, रस्ता सरकारचा, वाहतुकीवर दावा टिकायचा नाही. पण शेजाऱ्याच्या धंद्याचा उपद्रव होत असेल तर कोर्ट मनाई हुकूम देतं. फक्त तो उपद्रव सिद्ध करावा लागतो. मी म्हटलं, करू की, त्यात काय!

दावा लावला, आणि एके दिवशी न्यायाधीशसाहेब कारकुनाला घेऊन स्वतः जागा बघायला आले. टायरवाल्यानं सकाळीच दुकान बंद करून माणसं घरी पाठवलेली. हात जोडून सांगतो कसा, इथं दिवसाला चार गाड्या आल्या तर आल्या. दुकानापाशी चिटपाखरू नव्हतं. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

तेवढ्यात एक ट्रक फाटकाशी थांबला. दोन हॉर्न. आता ड्रायव्हरला काय माहीत आज कोर्ट आलंय! कुणी येईना म्हणून त्यानं पुन्हा दोन दिले. टायरवाला हातवारे करून त्याला पुढं जा म्हणून खुणावत होता.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, हवा भरायचीय त्याला. दुकान बंद आहे म्हणून सांग."

साहेब आत त्यांच्या खाटेपाशी गेले. हे तुम्हाला कसं कळलं, म्हणून विचारलं.

"दोन म्हणजे हवा, साहेब. तीन म्हणजे पंक्चर. लांबलचक एक म्हणजे चाक काढायचंय. दिवसभर तेच तर ऐकते."

बाहेर मागून आलेल्या दुसऱ्या ट्रकनं तीन दिले. साहेबांनी कारकुनाला त्याला विचारून यायला सांगितलं. कारकून परत आला आणि म्हणाला, "पंक्चर आहे, साहेब."

टायरवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खरं सांगते, मला भयंकर आनंद झाला.

हुकूम मिळाला. टायरवाल्यानं गावाबाहेर जागा घेतली, आणि तळेगावच्या घरमालकाला ह्यांनी नाही म्हणून कळवलं. त्या आठवड्यात एका दुपारी मी सासूबाईंचा चहा घेऊन गेले, तर त्या गाढ झोपलेल्या. रस्त्यानं ट्रक चाललेच होते. मी कप घेऊन ओसरीवर आले आणि तो चहा स्वतःच प्यायले.